काटक देशी झाडेही अंगणात का वाळतात: वाळण्याच्या महिन्यावरून कारण ओळखणे

पावसाळ्याच्या तोंडावर बहावा, आपटा, पळस अशी ‘फारसे पाणी न मागणारी’ रोपे आणावीत, खड्ड्यात शेणखत घालून लावावीत, दिवाळीपर्यंत ती तग धरून राहावीत आणि पुढच्या मे महिन्यात त्यांच्या जागी वाळकी काडी उरावी, हा अनुभव दख्खनच्या पठारावर नवे घर बांधलेल्या अनेकांना सलग दोन-तीन वर्षे येतो. दिवे घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या मुरमाड माळावर माझे घर आहे. तेथे चार वर्षांत तीन बहावे असेच गेले. दर वेळी मी पाणी कमी पडले असे समजून पुढच्या रोपाला अधिक पाणी दिले आणि दर वेळी रोप आधीच्यापेक्षा लवकर गेले. तिसरे रोप उपटल्यावर मात्र मी खड्डा पूर्ण उकरून मुळे पाहिली, तेव्हा माझे निदानच चुकत होते हे लक्षात आले.

ज्या झाडाला आपण काटक म्हणतो, त्याचा काटकपणा बहुतांशी जमिनीखाली असतो. माळावरचा पळस भर मे महिन्यात नवी पालवी घेऊन उभा राहतो, कारण त्याची मुळे मुरमाच्या भेगांतून आणि खडकाच्या सांध्यांतून अशा थरापर्यंत पोचलेली असतात, जेथे मागच्या पावसाळ्याची ओल अजून शिल्लक आहे. रोपवाटिकेतून आणलेल्या दीड फुटी पळसाकडे यांतले काहीच नसते. त्याच्याजवळ पिशवीएवढी माती आणि तेवढीच मुळे असतात, आणि पहिली दोन वर्षे ते इतर कोणत्याही रोपाइतकेच नाजूक असते. म्हणून ‘हे झाड दुष्काळ सोसते’ या वाक्याचा अर्थ ‘मूळ खाली उतरल्यावर सोसते’ असा घ्यावा लागतो. घराच्या अंगणात ते उतरत नाही, आणि का उतरत नाही हे रोप कोणत्या महिन्यात वाळले यावरून बरेचसे कळते.

आधी पाहावे: झाड खरोखर मेले आहे का

ही शंका अनेकांना अनावश्यक वाटेल, परंतु जिवंत झाडे मेली समजून उपटली जाण्याचे प्रमाण मी माझ्या आसपास इतके पाहिले आहे की सुरुवात येथूनच करणे भाग आहे. आपल्याकडील कोरड्या प्रदेशातील बरीच झाडे पानगळीची आहेत. काटेसावर, पांगारा आणि पळस हिवाळ्यात पाने टाकतात आणि उघड्या फांद्यांवर फुलतात. बहावा मार्च-एप्रिलमध्ये पाने गाळून मग पिवळ्या घोसांनी लगडतो. मोई, सालई, गणेर आणि पांढरुक यांची विश्रांती तर फार लांबते आणि ती कधी कधी मेअखेरपर्यंत निष्पर्ण राहतात. मोठ्या झाडाच्या बाबतीत हे आपल्याला माहीत असते, पण दोन फुटी रोपाने तेच केले की आपण घाबरतो.

अशा वेळी नखाने किंवा चाकूच्या टोकाने खोडाची साल किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवा, ओलसर थर दिसला तर रोप जिवंत आहे. शेंड्याकडे तपकिरी आणि बुंध्याकडे हिरवे दिसले, तर वरचा भाग वाळला असला तरी खालून फूट येण्याची शक्यता चांगली असते. पळस, आपटा आणि काळा कुडा यांच्या बुंध्यातून पहिल्या पावसानंतर जोमदार धुमारे येतात. जूनअखेरपर्यंत वाट पाहिल्याशिवाय रोप उपटू नये असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

याच्या उलट चूकही तितकीच सामान्य आहे. पाने गळाली म्हणून घाबरून रोज पाणी दिले जाते. पाने नसलेले झाड पाणी जवळजवळ उचलतच नाही, त्यामुळे ओलावा मुळांशी साठून राहतो. पांढरुक आणि गणेर यांच्यासारखी, जाड मुळांत साठा करून ठेवणारी झाडे अशा ओलाव्यात कुजतात. निष्पर्ण रोपाला पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरते.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिवळे पडलेले रोप

भर पावसाळ्यात काटक झाड मान टाकते तेव्हा कारण बहुधा एकच असते, आणि ते म्हणजे साचलेले पाणी. नव्या घराभोवतालची जमीन ही नैसर्गिक जमीन राहिलेली नसते. पायाच्या खोदाईतून निघालेला मुरूम, विटांचे तुकडे, वाळलेले सिमेंट आणि कुठून तरी आणून टाकलेली भर यांचा थर ट्रक आणि रोलर यांच्या वजनाखाली दाबला गेलेला असतो. त्यात आपण दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असा चौकोनी खड्डा घेतो आणि तो भुसभुशीत मातीने व शेणखताने भरतो. बाजूच्या दाबलेल्या मुरमातून पाणी हळू झिरपते, भुसभुशीत मातीत ते चटकन उतरते, आणि म्हणून आजूबाजूचे सगळे पाणी त्या खड्ड्यात येऊन थांबते. आपण झाडासाठी खड्डा केला असे समजतो, प्रत्यक्षात आपण जमिनीत एक हौद बांधलेला असतो. माझ्या तिसऱ्या बहाव्याच्या खड्ड्याच्या तळाशी, पाऊस थांबून आठ दिवस झाले होते तरी, काळपट, आंबूस वासाचा चिखल होता आणि मुळांची साल बोटांत सुटून येत होती.

गोंधळ असा होतो की पाण्यात बुडालेल्या आणि पाण्यावाचून राहिलेल्या रोपाची पाने सारखीच मलूल दिसतात, कारण कुजलेले मूळ पाणी वर चढवू शकत नाही. म्हणून पानाकडे पाहून निर्णय न घेता माती पाहावी. चार-सहा इंच उकरल्यावर माती ओली लागत असेल आणि तरीही पाने लोंबत असतील, तर आणखी पाणी देणे म्हणजे रोप संपवणे आहे.

लागवडीपूर्वी जमिनीची परीक्षा करणे सोपे आहे. दीड फूट खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, पाणी पूर्ण मुरू द्यावे, मग पुन्हा भरावा आणि दुसऱ्या भरण्याची वेळ नोंदवावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेस खड्ड्यात पाणी उभे असेल, तर तेथे साधा खड्डा घेऊन काहीही लावू नये. उताराची जागा असेल तर खड्ड्याच्या उताराकडील भिंतीतून वीतभर रुंदीचा चर काढून तो खडीने भरावा, म्हणजे पाण्याला वाट मिळते. सपाट जागेत खड्ड्याच्या तळाशी आणि कोपऱ्यांत पहारीने दोन-दोन फूट खोल छिद्रे पाडावीत. तळाशी सलग काळा पाषाण लागत असेल तर खाली जाण्याचा हट्ट सोडावा आणि आजूबाजूची माती ओढून फूट-दीड फूट उंच व चार-पाच फूट रुंद असा उंचवटा करून त्यावर रोप लावावे. खड्डा खोल असण्यापेक्षा रुंद असणे मुरमात अधिक उपयोगाचे ठरते, आणि त्याच्या भिंती फावड्याने गुळगुळीत न करता कुदळीने खरबरीत ठेवाव्यात. भरताना उकरलेलीच माती वापरावी आणि कुजलेले शेणखत चौथ्या हिश्श्याहून अधिक घालू नये. खड्ड्यात फार सुग्रास माती मिळाली की मुळे तेथेच घुटमळतात, बाहेरच्या कठीण जमिनीत शिरत नाहीत.

पावसाळ्यातच दिसणारा, पण वेगळ्या कारणाचा पिवळेपणा आणखी एक आहे. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर तो चुनखडीच्या जमिनीतील लोहाच्या कमतरतेचा असतो. प्लास्टरचा आणि सिमेंटचा राडारोडा गाडलेल्या आवारात तो हमखास दिसतो. जमिनीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग होत नाही, कारण चुना तो लगेच बांधून टाकतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारणी केल्यास दोन आठवड्यांत फरक दिसतो. मातीवर लिंबू पिळल्यावर जोराने फेस येत असेल, तर चुन्याचे प्रमाण जास्त आहे असे समजावे आणि अशा जागी चुनखडीत आपोआप वाढणारी झाडेच निवडावीत.

ऑक्टोबरच्या उन्हात एकाएकी वाळणे

परतीचा पाऊस थांबतो, आकाश निरभ्र होते आणि पंधरा दिवसांत जमिनीचा वरचा थर कोरडा पडतो. ज्या रोपाची मुळे तोपर्यंत पिशवीच्या आकारातच राहिलेली असतात, ते या पंधरवड्यात जाते. वाळलेले रोप हलक्या हाताने ओढले असता सहज वर आले आणि मुळांचा आकार अजून पिशवीसारखा गोल दिसला, तर दोष पाण्याचा नसून रोपाचा आहे.

प्लास्टिकच्या पिशवीत वर्ष-दोन वर्षे राहिलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी आपटून वळते आणि आतल्या आत वेटोळी घालत राहते. लावल्यावरही ते त्याच वळणाने वाढते. दुर्दैव असे की आपण नेमकी अशीच रोपे पसंत करतो, कारण ती उंच असतात. सहा-आठ फुटी, डेरेदार रोप विकत घेणाऱ्याला समाधान देते, पण एवढ्या पानांना पाणी पुरवण्याइतकी मुळे त्या पिशवीत मावलेली नसतात. त्याच्या शेजारी त्याच दिवशी लावलेले दीड फुटी रोप तीन-चार वर्षांत त्याला गाठते आणि पुढे जाते, हे मी माझ्या आवारात दोन आपट्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

रोप घेताना ते पिशवीतून थोडे बाहेर काढून दाखवण्याची विनंती करावी. तळाशी जाड मुळाची गुंडाळी दिसली तर ते नाकारावे. आधीच आणले असेल तर धारदार चाकूने मुळांच्या गड्ड्याला बाजूने तीन-चार उभे छेद द्यावेत, तळाची अर्ध्या इंचाची चकती कापून टाकावी आणि सुटी झालेली मुळे बाहेरच्या बाजूला पसरून लावावे. हे केवळ पावसाळ्यात, ढगाळ दिवशी करावे.

काही झाडांच्या बाबतीत रोपाचा नादच सोडावा असे माझे मत आहे. पळस, अंजन, हिवर, बोर ही झाडे बी जागेवरच पेरल्यास उत्तम येतात, कारण त्यांचे सोटमूळ पहिल्याच पावसाळ्यात खोल जाते, तर वरती जेमतेम वीतभर रोप दिसते. पळसाच्या चपट्या, एकबीजी शेंगा मे-जूनमध्ये झाडाखाली पडलेल्या मिळतात. हे बी फार दिवस टिकत नाही, त्यामुळे त्याच पावसात पेरावे. कडुनिंबाच्या निंबोळ्यांचेही तसेच आहे, त्या काही आठवड्यांतच उगवण गमावतात. बहाव्याचे बी मात्र कठीण कवचाचे असते. ते खरखरीत दगडावर घासून एका बाजूची चकाकी घालवावी आणि रात्रभर पाण्यात ठेवावे, म्हणजे फुगलेले बी ओळखून तेवढेच पेरता येते. एका जागी तीन-चार बिया टाकून पुढे एकच सशक्त रोप ठेवावे.

मार्च ते मे: पाणी दिले जाते, पण पोचत नाही

उन्हाळ्यात वाळलेल्या रोपांच्या मालकांना विचारले तर बहुतेक जण सांगतात, आणि खरेच सांगतात, की ते रोज पाणी देत होते. हिशेब करून पाहावा. एक मीटर व्यासाच्या आळ्याचे क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरहून थोडे अधिक भरते. त्यात दोन लिटर पाणी ओतले, तर ते अडीच मिलिमीटर पाऊस पडल्यासारखे होते. एवढ्या पावसाने धूळ बसते, मुळे भिजत नाहीत. वरचा इंच-दोन इंच थर ओला होतो आणि एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत उडून जातो. त्यातून झालेले मोठे नुकसान असे की वरच्या थरात रोज थोडी ओल मिळत असल्याने मुळेही तेथेच पसरतात. मग सुट्टीत आठ दिवस गावी जाऊन आले की रोप गेलेले असते.

त्याच आळ्यात आठवड्यातून एकदा वीस लिटरची बादली, पाणी मुरेल तसे दोन-तीन टप्प्यांत ओतली, तर ती पंचवीस मिलिमीटर पावसाइतकी होते आणि ओल खाली उतरते. रोज दोन लिटर दिल्यास आठवड्याला चौदा लिटर खर्च होतातच, म्हणजे पाण्याच्या मात्रेत फार फरक नाही. फरक ते कुठवर जाते यात आहे. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सहा मिलिमीटर जाडीची लोखंडी सळई आळ्यात हाताने दाबावी. ओल्या मातीत ती सहज जाते आणि कोरड्याला लागली की अडते. ती फूटभर तरी जायला हवी.

माझ्या मुरमाड जमिनीत बसलेले वेळापत्रक पुढीलप्रमाणे आहे. पहिल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत दर आठवड्याला वीस लिटर. दुसऱ्या वर्षी आळे दीड मीटर व्यासाचे करून दर पंधरा-वीस दिवसांनी चाळीस लिटर. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारी ते मे या काळात महिन्याला एकदा तेवढेच. आणि त्यानंतर बंद. तिसऱ्या वर्षी पाणी तोडताना मन धजावत नाही, पण ते तोडले नाही तर काटक झाड लावण्याचा हेतूच साधत नाही. आळे खोडाभोवती बशीसारखे न करता कड्यासारखे असावे, म्हणजे बुंधा किंचित उंचावर राहतो आणि पाणी त्याच्यापासून हातभर दूर साठते. दर वर्षी हे कडे बाहेर सरकवत न्यावे, मुळे त्याच्या मागे जातात.

आळ्यावर चार-पाच बोटे जाडीचा पालापाचोळा किंवा उसाचे पाचट असलेच पाहिजे. ते खोडाला टेकू देऊ नये, कारण टेकलेल्या ओल्या पाचोळ्यातून वाळवी सालीपर्यंत चढते. वाळवी दिसली की तिनेच झाड मारले असे मानण्याची घाई करू नये. ती बहुतेक वेळा आधीच वाळू लागलेल्या भागावर येते. खोडावरची मातीची नळी ब्रशने पुसून काढावी, आळ्यात मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी आणि रोप अशक्त का झाले याचा शोध घ्यावा. ज्यांना आठवड्यालाही लक्ष देणे जमत नाही, त्यांच्यासाठी रोपापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरलेले, न रंगवलेले मातीचे मडके आजही उत्तम आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने त्याची छिद्रे बुजतात, म्हणून मडक्यातली पातळी उतरायची थांबली की ते बदलावे.

काळ्या जमिनीत उन्हाळ्याचे संकट वेगळे असते. ही माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या रोपाच्या आळ्यातून गेल्या तर मुळे अक्षरशः ताणून तोडतात. उपाय म्हणून दोन-चार घमेली वाळू मिसळणाऱ्यांनी ती मेहनत वाचवावी, एवढ्याने काळी माती बदलत नाही. फेब्रुवारीतच आळ्याच्या बाहेरपर्यंत वरची दोन-तीन इंच माती खुरपून भुसभुशीत करावी, भेगा सुक्या मातीने बुजवाव्यात आणि त्यावर पाचट पसरावे.

तीन-चार वर्षांनी थांबलेले झाड

जगलेले झाड एकाएकी वाढायचे थांबले, तर आधी बुंध्यालगतची माती बाजूला करून पाहावे. पिशवीतले वेटोळे मूळ जाड होऊन खोडालाच आवळत असेल तर ते छिन्नीने तोडावे. दुसरे कारण म्हणजे हिरवळ. रोज फवाऱ्याने भिजणाऱ्या लॉनमध्ये आपटा किंवा मेडशिंगी लावली, तर एकाची गरज दुसऱ्याचा घात करते. हिरवळ हवीच असेल तर ती झाडांपासून वेगळी ठेवावी, किंवा उन्हाळ्यात पिवळी पडण्याची मुभा देऊन साधी हरळी वा मारवेल वाढू द्यावे. तिसरे कारण, बुंध्यापर्यंत बसवलेले सिमेंटचे ब्लॉक. ते चारही बाजूंनी किमान तीन फूट मागे घ्यावेत.

मुळात निवड चुकली असेल तर

वरील सर्व काळजी घेऊनही झाड कुढत असेल, तर ते त्या जमिनीचे नसण्याची शक्यता आहे. ‘देशी’ या शब्दाने येथे फार घोळ घातला आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत, फलटण-माणच्या बाजूला, तो पाचशेच्या आसपास उतरतो. या दोन्ही ठिकाणची झाडे देशीच आहेत, पण एकीकडचे झाड दुसरीकडे सुखाने राहील अशी अपेक्षा करता येत नाही. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यफूल आहे, म्हणून ते सोलापुरात आणि बीडमध्येही हौसेने लावले जाते. त्याचे घर मात्र कोकणातील आणि सह्याद्रीतील ओढ्यांचे काठ हे आहे, आणि कोरड्या माळावर ते जन्मभर पाणी मागत राहते. सीता अशोक आणि सुरंगी यांचेही तसेच.

दुसऱ्या बाजूला, आपली वाटणारी कित्येक झाडे बाहेरून आलेली आहेत. गुलमोहर मादागास्करचा, देवळासमोरचा चाफा मध्य अमेरिकेकडचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, आणि चिंचेचे मूळ आफ्रिकेत आहे. ती कमी पाण्यावर जगतात हे खरे आहे आणि उभी असलेली झाडे कोणी तोडावीत असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु सुबाभूळ, घाणेरी आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) ही केवळ जगतात म्हणून नव्याने लावू नयेत. पुण्याच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणावर लावलेल्या गिरिपुष्पाखाली स्थानिक झुडपांना किती कमी जागा उरली आहे, हे तेथे फिरणाऱ्या कोणालाही दिसते.

निवडीची सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे मेच्या अखेरीस घरापासून चार-पाच किलोमीटरच्या परिसरातील अशा माळावर किंवा टेकडीवर जाणे, जेथे कोणी पाणी देत नाही, आणि तेथे काय हिरवे आहे ते पाहणे. माझ्या बाजूच्या मुरमाड उतारांवर तरवड, हेंकळ, करवंद, आपटा, बोर, हिवर, काळा कुडा आणि मेडशिंगी दिसते, आणि हीच माझ्या अंगणाची यादी झाली. यांतला तरवड मला विशेष मोलाचा वाटतो. तो चार-पाच फुटांत आटोपतो, वर्षाचे बरेच महिने पिवळा फुललेला असतो, शेळ्या-गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि बियांपासून सहज येतो. तरीही रोपवाटिकांत तो क्वचितच मिळतो, कारण रस्त्याच्या कडेला उगवणाऱ्या झुडपाला आपण बागेत मान देत नाही. कुंपणासाठी करवंद, घराच्या सावलीच्या बाजूला अडुळसा आणि कोरांटी, मुरमाच्या कड्यावर धायटी, आणि जाळीवर चढवायला गुळवेल किंवा कुसर ही माझ्या अनुभवात न कुरकुरणारी झाडे आहेत.

काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत हीच यादी चालत नाही. तेथे करंज हे पहिले नाव घ्यावे, कारण ते पावसाळ्यातील दलदल आणि उन्हाळ्यातील कोरड ही दोन्ही सोसते. बाभूळ आणि बोरही तेथे चांगले येतात, आणि काटे चालत नसतील तर भोकर आणि निर्गुडी लावावी. कोकणात व गोव्यात पाऊस भरपूर असला, तरी जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, ऑक्टोबर ते मे हा काळ जवळजवळ कोरडाच जातो, त्यामुळे तेथेही सड्यावर जगणारी करवंद आणि कुड्यासारखी झाडे पाहूनच निवड करावी. घाटावरची यादी तशीच उचलू नये.

विकत घेताना नावावर विसंबू नये. आपटा म्हणून कांचन दिला जाणे ही जुनी तक्रार आहे. आपट्याचे पान लहान, जाडसर, खरबरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते, तर कांचनाचे पान मोठे आणि पातळ असते. कडुनिंबाऐवजी बकाणनिंब मिळण्याचेही प्रकार होतात. शंका असेल तर ओळखीच्या मोठ्या झाडाचे पान बरोबर नेऊन ताडून पाहावे.

जागेचा विचारही याच टप्प्यावर करावा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि घर वजा जाता बहुतेकांकडे त्याहून कमीच मोकळी जमीन उरते. तेथे आपटा, काळा कुडा, मेडशिंगी किंवा बहावा अशी आटोपशीर झाडे भिंतीपासून दहा-बारा फुटांवर शोभतात. काटेसावर, वड, पिंपळ, अंजन यांना तेथे जागा नाही. शहरी हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असल्याने मोठे झालेले झाड पुढे परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून पंधरा वर्षांनंतरचा विस्तार डोळ्यांसमोर ठेवूनच आज बी टाकावे.

झाड रुळल्यावर एक नवी तक्रार सुरू होते. पावसाळ्यात बहाव्याची आणि तरवडाची कोवळी पाने हिरव्या अळ्या पाहता पाहता खाऊन टाकतात आणि घरातील कोणीतरी कीटकनाशकाची बाटली शोधू लागते. या अळ्या फिकट पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या आहेत, आणि त्यांचे वाढणे याच झाडांच्या पानांवर अवलंबून असते. रुजलेल्या झाडाला त्यांच्यापासून धोका नसतो. फवारणी करू नये, खालच्या फांद्यांवर बुलबुल आणि वटवटे येऊ द्यावेत, आणि दोन-तीन आठवडे थांबावे. तेवढ्यात नवी पालवी आलेली असते.